वादळानंतरची दुरुस्ती: परवानगी कुठे लागते, कुठे नाही

नागपुरात उन्हाळा सरता सरता वादळ येतं. टिना उडतात, कवेलू सरकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ठेकेदार दारात उभा राहतो. या वेळच्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलं आहे: दुरुस्तीला महानगरपालिकेची परवानगी लागते का? घरागणिक उत्तर बदलतं, म्हणून निवडक पत्रं स्वतंत्रपणे घेतली आहेत.

प्रश्न: आमचं तळमजला अधिक एक मजला असं घर आहे. गच्चीवर १२ बाय २० फुटांचं टिनाचं शेड होतं. ते वादळात पाइपांसकट उडून शेजारच्या गच्चीवर पडलं. मिस्त्री म्हणतात, आता पुन्हा टिना कशाला, भिंती उचलून स्लॅबच टाका, दुरुस्तीतच धरलं जाईल. हे खरं आहे का? (नंदनवन)

उत्तर: नाही. असं सांगणाऱ्या मिस्त्रीला काम मिळतं, नोटीस मात्र तुमच्या नावाने निघते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये एक सवलत आहे. इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा फेरफार फक्त आतल्या भागापुरता असेल, किंवा त्याने बाहेरच्या रूपात ठळक बदल होत नसेल, तर विकास परवानगी लागत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेतही रंगरंगोटी, प्लास्टर, फरशी बदलणं, छपराचं आच्छादन नव्याने घालणं ही कामं परवानगीशिवाय करता येण्यासारखी मानली आहेत. अट एवढीच की इमारतीची मजबुती आणि अग्निसुरक्षा यांना धक्का लागू नये. म्हणजे पत्रा गेला तिथे पत्रा, त्याच उंचीवर, त्याच मापात. टिनाच्या जागी भिंती आणि स्लॅब आले की चटईक्षेत्र वाढतं, पायावरचा भार वाढतो आणि ते सरळसरळ नवीन बांधकाम ठरतं.

याच्याही आधीचा प्रश्न असा की उडालेलं शेड मंजूर नकाशात होतं का? नागपुरातल्या गच्चीवरच्या शेडांपैकी कितीतरी नकाशात कधीच नव्हती. जे मुळात मंजूर नाही त्याच्या दुरुस्तीला कलम ४३ ची सवलत पुढे करता येत नाही. आधी मंजूर नकाशा काढा. घरी नसेल तर गृहकर्ज दिलेल्या बँकेच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा त्याची प्रत असते. तिथेही नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. शेड नकाशात नसेल आणि चटईक्षेत्र शिल्लक असेल, तर आता उभारण्याआधीच परवानाधारक अभियंत्यामार्फत प्रस्ताव टाका. उभारून मग नियमित करणं महाग पडतं. केवळ पावसाळ्यापुरतं गच्ची झाकण्यासाठी तात्पुरत्या बांधकामाची वेगळी परवानगी मिळते, पण ते आच्छादन पावसाळा संपल्यावर काढावं लागतं.

आता शेड उडालं का, तेही समजून घ्या, नाहीतर नवीनही उडेल. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ भाग ३ मध्ये, नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ११८ किलोचा दाब येतो. एवढं वादळ दरवर्षी येत नाही. पण याच्या निम्म्या वेगालाही, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, चौरस मीटरला ३० किलोच्या घरात दाब पडतो. तुमचं शेड २२ चौरस मीटरचं. अशा वाऱ्यात ते वर ओढणारा जोर ६५० किलोच्या आसपास जाऊ शकतो, आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या टिनांचं स्वतःचं वजन सगळं मिळून ११०-१२० किलो. शेड वजनाने बसत नाही, पकडीने बसतं. बहुतेक शेडांचे पाइप विटांच्या कठड्यात गाडलेले असतात, म्हणून कठड्याचा तुकडा घेऊनच ते उडतात.

नवीन बांधताना प्रत्येक खांबाखाली २०० बाय २०० मिलिमीटरची, १० मिलिमीटर जाडीची बेस प्लेट आणि चार १२ मिलिमीटरचे अँकर हवेत. तेही खाली कॉलम किंवा बीम आहे तिथेच. केमिकल अँकर असेल तर भोक साधारण ११० मिलिमीटर खोल पाडून ब्रशने आणि फुंकणीने स्वच्छ करायचं. धूळ राहिली तर रसायन काँक्रीटला न चिकटता धुळीलाच चिकटतं. पर्लिनमधलं (टिना ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको. स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसह. मधल्या भागात एक आड एक उंचवट्यावर चालतो, पण चारही कडांच्या मीटरभर पट्ट्यात प्रत्येक उंचवट्यावर हवा, कारण कडा आणि कोपरे यांवर वाऱ्याची ओढ मध्यापेक्षा कितीतरी जास्त असते. खर्च वाचवायचा तर टिनेच्या रंगात वाचवा, अँकरमध्ये नको.

प्रश्न: महालात आमचा जुना वाडा आहे. रस्त्याकडची विटामातीची भिंत कोसळली, वरचे कवेलू आणि दोन मयाली (छपराच्या लाकडी तुळया) खाली आल्या. उरलेली भिंत पाडून सगळी नवी बांधावी की आहे तिला जोडून घ्यावी? धोकादायक इमारतीची नोटीस येईल याची भीती वाटते.

उत्तर: मलबा उचलण्याआधी तीन गोष्टी करा. उरलेल्या छपराला बल्ल्यांचे टेकू द्या. बल्लीच्या खाली आणि वर आडवी फळी ठेवा, नाहीतर ती जमिनीत रुतते आणि भार तसाच लटकतो. टेकू देण्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका. मग चारही बाजूंनी, तारीख दिसेल असे फोटो घ्या. आणि फीत लावून मापं घ्या: भिंतीची पूर्ण लांबी, जोत्यापासून उंची, पडलेला भाग, उभा भाग. पूर्वी भिंत कुठे आणि केवढी होती याचा पुरावा म्हणजे तो ढिगारा आणि जोतं. एकदा ट्रॅक्टर येऊन गेला की तो पुरावा गेला.

मापं का, ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २५४ मध्ये आहे. बाहेरची, सामाईक किंवा छपराचा भार घेणारी भिंत जोत्याच्या वर अर्ध्याहून जास्त क्षेत्रफळात काढून पुन्हा बांधायची असेल, तर आयुक्तांना रीतसर सूचना द्यावी लागते. तुमची भिंत २४ फूट लांब आणि १० फूट उंच असेल तर ती २४० चौरस फूट. १२० चौरस फुटांपर्यंतचं काम या सूचनेच्या कक्षेत येत नाही, त्यापुढचं येतं. म्हणून "सगळीच पाडून नवी" हा निर्णय मिस्त्रीच्या सोयीने घेऊ नका. उभा भाग खरोखर सुटला आहे का, ते संरचना अभियंत्याकडून लेखी घ्या.

पण तुमची भिंत रस्त्याकडची आहे, आणि इथे खरी मेख आहे. त्याच कलमानुसार, रस्त्याच्या नियमित रेषेच्या (मनपाने रस्त्यासाठी ठरवलेल्या हद्दीच्या) आत येणाऱ्या भागाची कोणतीही दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी सूचनेशिवाय करता येत नाही. तिथे अर्ध्याचा हिशेब लागू नाही. महालात रस्ते रुंद होत आले आहेत, केळीबाग रोड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. नगररचना विभागातून तुमच्या आखीव पत्रिकेवरचा (प्रॉपर्टी कार्डवरचा) भूखंड विकास आराखड्यातल्या रस्त्याच्या रेषेत येतो का, याचा नकाशाचा उतारा घ्या. रेषेत येत असेल तर भिंत मागे घेऊन बांधायला सांगितलं जाऊ शकतं आणि सोडलेल्या जागेच्या भरपाईची तरतूद कायद्यात आहे. उतारा न घेता बांधलेली भिंत पुन्हा पाडण्यात जो पैसा जातो, त्यात वाड्याचं अर्धं छप्पर होतं.

नोटिशीची भीती बाळगू नका. कलम २६४ खाली धोकादायक भागाविषयी नोटीस आली, तर तीत काय करायचं ते लिहिलेलं असतं: भाग उतरवा, दुरुस्त करा किंवा आधार द्या. कायद्याखाली दिलेल्या आदेशाच्या पूर्ततेसाठी केलेल्या कामाला नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ ची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र जेवढं लिहिलं आहे तेवढंच. "पूर्वेकडची भिंत दुरुस्त करा" या ओळीच्या जोरावर मागे खोली वाढवता येत नाही. नोटिशीत इमारतीची वर्गवारीही असू शकते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ पटत नसेल तर स्वतःचा संरचना अहवाल जोडून लगेच लेखी हरकत द्या. तोंडी बोलण्याला फाइलमध्ये जागा नसते. वाडा वारसा यादीत असेल तर बाहेरच्या कामाआधी वारसा संवर्धन समितीची वाट धरावी लागेल.

वाड्याला ३० वर्षं तर कधीच होऊन गेली असतील. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे अशा इमारतीची मनपाकडे नोंद असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणं मालकाचं कर्तव्य आहे. तोच अहवाल आता दुरुस्तीसाठीही चालेल, दोनदा पैसे घालू नका.

बांधताना मातीच्या भिंतीला सिमेंटची नवी भिंत सरळ चिकटवू नका. दोन्हींचं आकुंचन वेगळं, सांध्यावर उभी भेग पडतेच. जुन्या भिंतीत दर तिसऱ्या-चौथ्या थराला दात काढून नव्या विटा आत गुंतवा आणि चुन्याचा मसाला वापरा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर केलं की आतली ओल बाहेर पडत नाही आणि चार-पाच पावसाळ्यांत भिंत आतून मऊ होते. यंदा पडलेल्या कित्येक भिंतींचं मूळ असल्याच प्लास्टरमध्ये असतं, वादळ निमित्त ठरतं.

प्रश्न: मानेवाडा भागात १९०० लेआउटमधला (नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत लेआउटांच्या यादीतला) १,२०० चौरस फुटांचा प्लॉट. डिमांड (नियमितीकरणाचं शुल्क) भरून नागपूर सुधार प्रन्यासचा (नासुप्रचा) आरएल मिळाला. घर त्याच्या आधीचं. समोरची सिमेंटच्या पत्र्यांची खोली पूर्ण पडली. आरएल आहे म्हणजे परवानगी आहेच ना?

उत्तर: हा गैरसमज नागपुरात फार पसरलेला आहे. आरएल हा भूखंड नियमित झाल्याचा कागद आहे. घराचा नकाशा मंजूर झाला असं त्यातून सिद्ध होत नाही. पूर्ण पडलेली खोली पुन्हा उभारणं ही दुरुस्ती नव्हे, ते बांधकाम आहे आणि त्याला प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची आजची अंतरं लागू होतात. जुनी खोली समोरच्या मोकळ्या जागेत होती, तर "आधी होतीच की" हा मुद्दा टिकणार नाही. ती मागे सरकवावी लागेल, किंवा तेवढी जागा मोकळी सोडून वर बांधता येतं का ते तपासावं लागेल.

दिलासा एक आहे. राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी सोपी वाट ठेवली आहे आणि तुमचा प्लॉट साधारण १११ चौरस मीटर भरतो. परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद नियमात बसणारा नकाशा प्रमाणित करून ऑनलाइन दाखल करतो, शुल्क भरतो, आणि काम सुरू करता येतं. चुकीचं प्रमाणपत्र दिलं तर त्याचा परवाना धोक्यात येतो, म्हणून चांगला अभियंता आधी प्लॉटवर येऊन फीत लावतो. न येता सही करणाऱ्याला नको म्हणा. नकाशात पाडायचा भाग पिवळ्या रेघांनी, नवीन काम लाल रंगाने दाखवतात. आखीव पत्रिका किंवा सातबारा, आरएल, मालमत्ता कराची चालू पावती, विक्रीपत्र आणि संरचना अभियंत्याचं पत्र हाताशी ठेवा. आरएलवरचा भूखंड क्रमांक आणि विक्रीपत्रातला क्रमांक जुळत नाही म्हणून बरेच प्रस्ताव परत येतात. खसरा क्रमांक एक आणि प्लॉट क्रमांक दुसरा, असा घोळ १९०० आणि ५७२ या दोन्ही याद्यांतल्या लेआउटमध्ये नेहमीचा आहे. तो आधी चूकदुरुस्तीच्या दस्ताने मिटवा.

अर्ज महानगरपालिकेकडे की नासुप्रकडे? तुमच्या लेआउटसाठी सध्या नियोजन प्राधिकरण कोण, हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. एका गल्लीत दोन उत्तरं निघतात. सर्व्हे क्रमांक देऊन लेखी विचारा आणि पोच घ्या. नेहमीच्या मार्गाने अर्ज केला तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असं मानलं जातं, पण नकाशा सगळ्या नियमांत बसत असेल तरच. नाकारली तर ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

प्रश्न: मनीषनगरमधली आमची पाच मजली अपार्टमेंट. वादळात कठड्याचा भाग पडला, गच्चीला तडे गेले, वरच्या फ्लॅटमध्ये पाणी गळतं. ठेकेदार जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकतो म्हणतो. खर्च फक्त वरच्यांनी करायचा का?

उत्तर: गच्ची आणि कठडा सामाईक. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली सामाईक खर्च घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. खालच्यांनाही द्यावा लागेल. घोषणापत्राची प्रत दुय्यम निबंधकांकडे मिळते. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील आणि कठडा मुळात कच्चा असल्याचं अभियंत्याने लिहून दिलं, तर रेराच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरला दोष ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. लेखी कळवा.

कठडा मंजूर नकाशातल्या उंचीचा तसाच बांधणं आणि जलरोधन करणं याला विकास परवानगी लागत नाही. कोब्यावर कोबा मात्र करू देऊ नका. चार इंची विटेचा कोबा चौरस मीटरला १८० ते २०० किलो भरतो. वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब माणसांच्या आणि सामानाच्या भारासाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो धरून रचलेला असतो. म्हणजे एका जादा थराने तो सगळा राखीव भार खाऊन टाकला, आणि वर टाकीतलं पाणी, १,००० लिटरला एक टन. जुना कोबा छिन्नीने उतरवा. ब्रेकर लावू नका, हादऱ्याने स्लॅब फुटतो. तडे भरून मग १०० ला १ उतार देऊन नवा कोबा करा आणि पाणी साठवून तीन दिवस तपासा.

विमा असेल तर काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फक्त तात्पुरतं ताडपत्रीचं काम करा. भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळ आणि पूर दोन्ही येतात. शिवाय दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत वास्तुविशारद-अभियंत्याचं शुल्क आणि २ टक्क्यांपर्यंत मलबा हटवण्याचा खर्च मिळतो. ही दोन बिलं लोक जोडायलाच विसरतात.

प्रश्न: जरीपटक्यात कोपऱ्याचा प्लॉट आहे. आवारभिंत वीस फूट आडवी झाली. उंच करून बांधू का?

उत्तर: समोरच्या आवारभिंतीची उंची रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून १.५ मीटरपर्यंत. वरचा ०.९ मीटर जाळी किंवा रेलिंगचा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत. कोपऱ्यावर मात्र दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीत पक्की भिंत ०.७५ मीटर उंचच, वरचा भाग आरपार दिसणारा. वळणावर येणारी गाडी दिसली पाहिजे, म्हणून हा नियम. भिंत पडण्याचं कारण काळी माती असणार: ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. पाया काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत न्या, दर तीन मीटरला खांब घ्या, आणि आत भराव असेल तर दीड-दीड मीटरवर पाणी जायला ७५ मिलिमीटरची छिद्रं ठेवा.

प्रश्न: इतवारीत जुन्या भाड्याच्या घरात राहतो. कवेलू उडाले, मालक लक्ष देत नाहीत. मी दुरुस्त केलं तर भाड्यातून वळते करता येतील का?

उत्तर: येतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. डाकेने किमान १५ दिवसांची नोटीस द्या. त्यानंतरही केलं नाही तर तुम्ही करून खर्च वळता करू शकता, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. बिलं कवेलूवाल्याच्या आणि सुताराच्या सहीची ठेवा. मापं बदलू नका, नाहीतर विनापरवाना फेरफार केल्याचा ठपका तुमच्यावर येईल.

प्रश्न: पंचनामा झाला, तर सरकारी मदत किती? (वाठोडा)

उत्तर: केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, झोपडीला ८,००० रुपये ठरवले होते. घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला अपेक्षित असतो, म्हणून कराची पावती आणि नकाशा पंचनाम्याच्या वेळीच दाखवा. पंचनाम्यावर सही करण्याआधी टक्केवारी वाचा. १० लिहिलेलं असेल आणि तुमच्या फोटोंत २० दिसत असेल, तर सहीच्या वर हरकत लिहा आणि प्रत मागा.